गळ्याखालची छोटी किल्ली

वसंतकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने, नीलाने, माझ्या दवाखान्यात येऊन सांगितलं. समोर तापाने फणफणलेलं एक मूल होतं. त्याला तपासलं, औषध लिहून दिलं आणि मग रडले. काम अर्धवट टाकून रडलेलं काकांना आवडलं नसतं.

काका माझ्या बाबांचे शाळासोबती. बाबा गोराईला मासेमारीच्या होडीवर, काका फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास मला मेडिकलला प्रवेश मिळाला, पण रोज खाडी ओलांडून कॉलेज गाठणं जमेना, म्हणून मी मुलुंडला काकांच्या दोन खोल्यांत राहायला आले. बाबांनी अख्ख्या गावात पेढे वाटले होते, आणि मी शरीररचनेत सपशेल आपटले. "परत नापास झालीस तर घरी ये," बाबा म्हणाले. रागाने नाही, थकून... ते जास्त लागलं.

"पापलेटचे काटे डोळे मिटून काढतेस, आणि माणसाची हाडं येत नाहीत? कमाल आहे तुझी!" असं म्हणत काका जाडजूड डिक्शनरी घेऊन बसले. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळी, म्हणून माझ्या गुडघ्यावर काकूंची ताटली. टिबिया, नडगीचं हाड, म्हणजे बासरी. घरात बासरी नव्हती, लाटण्यावर भागलं. "पोळ्या कशाने लाटू मी?" काकू ओरडायच्या. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. "हात वर कर. दुसऱ्या हाताचं बोट गळ्याखालच्या हाडावर ठेव. फिरतं का गं?" खरंच फिरत होतं, कुलपातल्या किल्लीसारखं.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं तेच हाड हातात दिलं आणि मी सगळं विसरले. मी हात वर करून स्वतःचंच हाड चाचपू लागले. काय करतेयस, सरांनी इंग्रजीत विचारलं. "किल्ली फिरते का बघतेय, सर," मराठीतच निघून गेलं. सर हसले. "बरं, कशी फिरते ते सांग." सांगता सांगता सगळं आठवत गेलं, आणि मी पास झाले.

पुढे कुठेतरी वाचलं, की ते नाव जुन्या किल्लीच्या आकारावरून पडलं असावं. मी काकांना सांगितलं. "असेल. पण पास तू फिरवून झालीस ना?"

शेवटी काकांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. मी तो हळूच उचलून धरला. त्यांनी डाव्या हाताचं बोट हाडावर ठेवलं, वाट पाहिली. "फिरतं गं!" म्हणाले, आणि काय खूश झाले...

रोज सकाळी केस विंचरायला हात वर केला की दुसऱ्या हाताचं बोट आपोआप त्या हाडावर जातं. फिरतं, काका.