पोर्चची परवानगी
शेजारी पोर्चचं काम चाललंय. ओल्या सिमेंटचा वास आला की जीव अस्वस्थ होतो. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलेल्या आईला दारात, सावलीत बसून रस्ता बघायचा होता, म्हणून आम्ही पोर्चसाठी अर्ज केला. त्यासाठी घरापुढं दहा फूट जागा लागत होती. पालिकेचे ओव्हरसिअर टेप घेऊन आले. एक टोक त्यांनी कुंपणाला लावलं, दुसरं मी भिंतीला. दहा फूट भरले. ते लिहिणार, तोच फौजेतून निवृत्त झालेले वडील म्हणाले, “आवं सायेब, टेप लोंबतीया.” “राहू द्या, बसतंय की,” ओव्हरसिअर हसले. “न्हाई, नियम म्हंजी नियम. ओढ रं!” मी ओढली. चार बोटं जागा कमी भरली आणि परवानगी गेली. आतून आई म्हणाली, “आवं, आता सावलीबी नियमात बसाय पायजे व्हय?” तो उन्हाळा तिनं खिडकीशी काढला, पुढचा तिला दिसलाच नाही. वडील आजही म्हणतात, “आपुन दोघांनी बरोबर केलं.” मी होकाराची मान हलवतो, आणि मग मला घरात बसवत नाही.