मामांच्या नातीचा टो-इन

या जगात सरळ अशी एकही वस्तू नाही, असं ठाम मत असलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या चाकांची अलाइनमेंट करण्यात मामांची उभी हयात गेली. ते रिटायर होऊन मोशीला आले, नजर काही रिटायर झाली नाही. आमच्याकडे आले की चहाच्या आधी कॅलेंडर सरळ करणार. माझ्या लग्नात तर आंतरपाट तिरका दिसला म्हणून त्यांनी मंगलाष्टकं थांबवली होती. "कोपरा जरा वर घ्या, भटजी, मग चालू द्या."

अशा माणसाच्या नातीचे डोळे आत, नाकाकडे वळलेले. ती बोलायला लागली की ऐकणारा मागे वळून बघायचा. म्हणून ती मामांची हनुवटी मुठीत धरायची आणि म्हणायची, "आबा, तुमच्याशीच बोलतेय." घरात 'तिरळी' शब्दाला बंदी होती. चाकं आत वळली की कंपनीत त्याला टो-इन म्हणत, तोच शब्द मामांनी घरात लावून दिला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनाही त्यांनी तेच सांगितलं, "मॅडम, पोरीला टो-इन हाय, बाकी गाडी ओके."

बाई हसल्या आणि मग समजावू लागल्या. आत ओढणाऱ्या स्नायूत इंजेक्शन दिलं की तो काही महिने ढिला पडतो. तेवढ्यात डोळे सरळ राहायला शिकले तर उत्तम, नाहीतर पुन्हा टोचायचं. ऑपरेशनमध्ये स्नायूची जागाच बदलतात. ते जास्त टिकतं, पण क्वचित तेही पुन्हा करावं लागतं. हिचे डोळे बरेच वळलेत, तेव्हा ऑपरेशन बरं. तात्पुरत्या कामाला जन्मभर शिव्या घालणारे मामा सुरीचं नाव निघताच इंजेक्शनवाले झाले. निगडीच्या बसस्टॉपवर अनोळखी माणसांची मतं घेऊ लागले. शाळा तोंडावर आली, तेव्हा त्यांच्या लेकीनं, म्हणजे पोरीच्या आईनं, विचारलं, "आबा, गाडी असती तर काय केलं असतं?"

"नट खोलून चाक नीट बसवलं असतं," मामा म्हणाले. मग ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातल्या एकूण एक खुर्च्या त्यांनी रांगेत लावल्या.

डोळ्यांची लाली ओसरली आणि मामांनी सोसायटीभर पेढे वाटले. परवा गेलो तेव्हा नात त्यांच्यापुढे उभी राहून शाळेतली भांडणं सांगत होती, थेट त्यांच्याकडे बघत, हात मागे बांधून. मामा हनुवटी पुढे काढून बसले होते. सांगून झाल्यावर ती खेळायला पळाली. मामा थोडा वेळ तसेच बसले, मग उठले आणि भिंतीवरचं सरळच असलेलं कॅलेंडर उगाच सरळ करत राहिले.