बॅगेवरचं कोरडं फूल

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. जावेच्या मुलीला नकार आला, तो तिच्या घरी कळायच्या आधी तळमजल्यावर कळला होता. माझ्यामुळेच. पण ही एक गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. देवापुढे तर नाहीच, आणि का नाही ते तुम्हाला ऐकता ऐकता कळेल.

गोष्ट एका लॅपटॉपची आहे. हसू नका. म्हणजे — सुरुवात तरी त्याच्यापासूनच करावी लागेल.

नव्वदचं दशक संपत आलेलं. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा वॉल्व बनवणारा छोटा कारखाना होता. खाली मशिनं, वर ऑफिस. मी कोपरहून रोज जाऊन-येऊन करायची. कोटेशनं, पत्रव्यवहार, फायली, सगळं माझ्याकडे. अकरा वर्षं झाली होती. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो आणि माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, असं निदान मला तरी वाटायचं.

त्याच वर्षी मिलिंद लागला. मिलिंद सोनवणे — कल्याणजवळच्या मोहन्याचा, सव्वीस-सत्तावीसचा, डिप्लोमा झालेला. कॉम्प्युटरवर हात असा चालायचा की बघत राहावं. सहा महिने टेम्पररी. दिवाळीनंतर पर्मनंटचं पत्र देतो, असं साहेबांनी त्याला सांगून ठेवलेलं. त्या पत्रावर त्याचं लग्न अडलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलेलं, आधी पत्र दाखवा, मग तारीख धरू. हे ऑफिसात फक्त मला माहीत होतं, कारण त्याने मलाच सांगितलं. मला ताई म्हणायचा. मी कधी त्याला म्हण म्हटलं नव्हतं, आपणहूनच म्हणायचा.

तर साहेबांच्या मनात आलं, आपल्याकडे लॅपटॉप हवा. दिवसा ऑफिसात कोटेशनं करायची, पार्टीकडे गेलं की तिथेच उघडून दाखवायचं. घोडबंदर रोडला नवी नवी कामं निघत होती, तिथले लोक सुटाबुटातले. त्यांच्यापुढे कागदाच्या फायली काय काढायच्या? दुकानदार दोन मशिनं घेऊन ऑफिसात आला. एक काळं, जाडजूड, अगदी ठोकळा. दुसरं चंदेरी, पातळ, झाकण असं चकचकीत की त्यात मी माझी टिकली सरळ केली. खोटं नाही सांगत.

मिलिंदने दोन्ही हातात घेतली. झाकण दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं. बिजागरीत नख घालून पाहिलं. एका कोपऱ्याला धरून उचललं आणि मशीन वाकतंय का ते बघितलं. मग म्हणाला, काळं घ्या. चंदेरीची बिजागरी नाजूक आहे, मिटलं की स्क्रीन कीबोर्डला टेकतो, फ्लॉपी वेगळी जोडावी लागते. काळं रोजच्या वापरात टिकेल.

"अरे पण दिसायला बघ ना," मी म्हटलं. "पार्टीपुढे हा ठोकळा काढायचा? साहेबांची काही शान?"

साहेबांना शान म्हटलं की संपलंच. चंदेरी आला. माझी निवड जिंकली, आणि मला त्याचा किती आनंद झाला म्हणून सांगू! एका मशीनच्या रंगावरून एका पोराला हरवल्याचा आनंद. मिलिंद दुसऱ्या दिवशी मऊ फडकं घेऊन आला आणि मलाच शिकवायला बसला — झाकण मधोमध धरून उघडायचं ताई, कडेला धरून नाही. दीड-दोन महिन्यांत जुन्या रजिस्टरांमधले सगळे रेट, सगळे साइझ त्याने त्यात भरले. खरं तर ते त्याचंच मशीन झालं होतं. आणि तेच मला खुपत होतं. आणलं कुणी? मी. विचारायचं कुणाला? मिलिंदला.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी काम बंद. खाली लेथ, ड्रिल धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालायच्या. तिथली पूजा साहेब करायचे. वरची माझ्याकडे — टाइपरायटर, फोन, तिजोरी, टेबलावरचा कॉम्प्युटर. अकरा वर्षं मी टाइपरायटरला गंध लावलं, फुलाने पाणी शिंपडलं; त्याला कधी काही झालं नाही. मिलिंद दुपारीच निघणार होता, आईला घेऊन नागपूरला. दसऱ्याला ते दीक्षाभूमीवर जातात. निघताना त्याने लॅपटॉप बॅगेत घालून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, एवढ्याला पाणी लावू नका हां. गंधसुद्धा ओलं नको. वाटलं तर बॅगेवर कोरडं फूल ठेवा."

एवढंच वाक्य. नीट लक्षात ठेवा; मला पुढे त्याच्याकडेच यायचंय.

माझं डोकंच फिरलं. हा मला पूजा शिकवणार? हा? — तो 'हा' कसा निघाला, ते लपवून काय उपयोग. एखाद्या जोशांच्या मुलाने हेच सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, बरं झालं बाबा सांगितलंस. मिलिंदने सांगितलं तेव्हा मला फक्त तो कोण आहे ते दिसलं. चार माणसांत मी कधी असलं काही बोलत नसे. चहा एकाच ट्रेमधून प्यायचो आम्ही. पण आत होतं, आणि त्या दुपारी ते हातात उतरलं.

सगळे खाली आरतीला गेले. मी वर एकटी. बॅगेतून लॅपटॉप काढला, पाटावर ठेवला. झाकणावर कुंकू लावायला जीव होईना, डाग पडला असता. म्हणून उघडला, आणि आतल्या बाजूला, जिथे हात टेकवतात तिथे, ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. झेंडू तांब्यात बुडवून शिंपडलं. एकदा नाही, तीनदा. रागाने शिंपडलं, हेही सांगते. मग तेच ओलं फूल कीबोर्डवर ठेवलं आणि खालून हाक आली म्हणून झाकण मिटलं. मिटेना नीट, तर थोडं दाबलं. बॅगेत घातलं, कपाटात ठेवलं, खाली जाऊन सगळ्यांना प्रसाद वाटला.

मध्ये दसरा, मग रविवार. सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. किल्ली माझ्याकडेच असायची. कपाट उघडल्याबरोबर वास आला, फूल कुजल्याचा. झाकण उघडलं. स्क्रीनवर मधोमध तळव्याएवढा काळा-जांभळा डाग, कीबोर्डवर पिवळं पाणी. बटण दाबलं. परत दाबलं. काही नाही.

तेव्हा मी काय केलं असेल? बाई गं, कसलं सुचलं होतं मला! फूल खिडकीतून खाली टाकलं. पदराने एकेक की पुसली, कुंकवाचा कणसुद्धा राहू दिला नाही. सगळं जागच्या जागी ठेवलं आणि टेबलाशी बसून पत्र टाइप करायला घेतलं. पत्रात एकही चूक झाली नाही.

साहेब आले, त्यांना मशीन घेऊन पार्टीकडे जायचं होतं. चालू होईना. माणूस बोलावला, त्याने स्क्रू काढून आत बघितलं. म्हणाला, पाणी गेलंय, पिवळट डाग आहे, चहाबिहा सांडला असेल कुणीतरी. मशीन गेलं.

हळदीचं पाणी. त्याला चहा वाटलं. आणि मी — मी मनात देवाचे आभार मानले. म्हणून म्हटलं, देवापुढे हे मी बोलू शकत नाही.

साहेबांनी विचारलं, शेवटी कुणाकडे होतं? आता ऐका. मी नुसतं मिलिंदचं नाव घेतलं असतं तरी ते खोटंच होतं. पण तेवढ्यावर भागेल असं मला वाटेना. मी म्हटलं, "मिलिंदने जाताना बंद करून दिलं, मी हात नाही लावला. घुश्शातच होता साहेब. म्हणाला, माझ्या मशीनची पूजा करायची नाही."

बघितलंत काय केलं मी? त्याने पाणी लावू नका म्हटलं होतं. मी त्याचं 'पूजा करायची नाही' केलं. त्याने 'एवढ्याला' म्हटलं होतं. मी 'माझ्या मशीनची' केलं. फूल ठेवा म्हणालेला, ते गाळलं. साहेब श्रद्धाळू माणूस, त्यांचा चेहरा उतरला. आमचा स्टोअरकीपर तिथेच उभा होता. तो म्हणाला, त्या लोकांना काय हो आपल्या सणांचं. कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही. मीही नाही. मला तेच तर हवं होतं.

मंगळवारी मिलिंद आला. आल्या आल्या माझ्या टेबलावर संत्राबर्फीचा पुडा ठेवला, "मुलांना द्या ताई." आणि केबिनमध्ये गेला. दार उघडंच होतं. साहेब चढ्या आवाजात बोलत होते, तो हळू. मी चहा मशीनजवळ नेतच नाही साहेब, तो म्हणत होता. मग म्हणाला, "ताईंना विचारा ना. मी त्यांच्याच टेबलावर ठेवून गेलो होतो."

साहेबांनी हाक मारली. मी आत गेले. तो माझ्याकडे बघून जरासा हसला, म्हणजे सुटलोच आता, असा. मी म्हटलं, "मला काय माहीत रे? मी तर खाली आरतीला होते."

हसू लगेच गेलं नाही त्याचं. थोडा वेळ तसंच राहिलं. साहेब म्हणाले, मशीनचं मला काही नाही, खोटं बोललेलं मला चालत नाही. उद्यापासून येऊ नकोस.

लॅपटॉप तिथेच टेबलावर पडलेला. मिलिंदने तो उचलला, सवयीने मधोमध धरून झाकण उघडलं, सवयीनेच बिजागरीत नख घातलं. आणि बिजागरीच्या फटीतून काहीतरी टेबलाच्या काचेवर पडलं. झेंडूची पाकळी. वाळलेली, नखाएवढी. साहेब फोनकडे वळले होते, त्यांनी बघितलं नाही. त्याने बघितली. मी बघितली. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

तो बोलेल म्हणून मी वाट बघत होते. आज वाटतं, तोही माझीच वाट बघत होता. शेवटी त्याने ती पाकळी चिमटीत उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. का नाही बोलला? मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले की त्याला माझी दया आली असेल. खोटं आहे ते. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि ते तसं मीच करून ठेवलं होतं.

बाहेर येऊन त्याने खणातून फ्लॉप्यांचा डबा काढला, माझ्यापुढे ठेवला. प्रत्येकीवर बारीक अक्षरात लिहिलेलं — रेट, साइझ, पार्ट्या. म्हणाला, "सगळ्याची कॉपी आहे यात. तुमचं काम नाही अडणार." ताई म्हणाला नाही. जिना उतरून गेला. त्याचं लग्न झालं की मोडलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. आमच्या ऑफिसात मोहन्याचे आणखी दोघे होते, विचारलं असतं तर कळलं असतं.

बर्फी मुलांनी खाल्ली. एक तुकडा मीही खाल्ला.

त्यानंतर साहेबांनी दुसरा लॅपटॉप घ्यायचा ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. मी काळा, जाडजूड घेतला. दुकानात झाकण दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं, बिजागरीत नख घालून बघितलं, कोपऱ्याला धरून उचललं. दुकानदार म्हणाला, मॅडम, तुम्हाला बरंच कळतं. त्या मशीनमध्ये मी मिलिंदच्या फ्लॉप्या घातल्या आणि नोकरी सुटेपर्यंत त्यावर काम केलं.

पुढच्या खंडेनवमीला सगळे वर जमले. टाइपरायटरला मी गंध लावलं, फोनला लावलं. लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही. बॅगेवर एक कोरडं फूल ठेवलं. स्टोअरकीपर म्हणाला, अहो याला हळदकुंकू? मी म्हटलं, याला पाणी लावायचं नसतं, बॅगेवर कोरडं फूल ठेवायचं.

साहेब सगळ्यांना म्हणाले, बघा, शिका सुनंदाबाईंकडून.

मी मान डोलावली आणि सगळ्यांना प्रसाद वाटला.