वाटीतलं पाणी

आज सकाळी नव्या प्रयोगशाळेच्या जागेवर तिथल्या संशोधक बाईंनी डब्यातली स्टीलची वाटी पाण्याने भरली आणि जमिनीवर ठेवली. त्या इमारतीचा आर्किटेक्ट मी. शेजारी उकिडवा बसलो. लांबच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला. आम्हाला काही जाणवलं नाही, पाणी मात्र शहारलं.

"एवढ्यानेसुद्धा सूक्ष्मदर्शकातलं चित्र विस्कटतं हो," बाई म्हणाल्या.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीसाठी मी नकाशात वेगळा, जाड पाया काढला होता. इमारत समितीला दर्शनी बाजूला काचेचं उंच दालन हवं होतं, म्हणून खर्च वाचवायला त्यांनी तो पाया खोडला. "जमिनीखालचं कोण बघायला येतंय?" अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटून विचारलं होतं, आणि मी मान डोलावली होती. आजवर शाबासकी मिळाली ती दिसणाऱ्या गोष्टींसाठीच.

घर माणसासाठी बांधतात, देऊळ देवासाठी. ही खोली मात्र अजून कुणीच न पाहिलेल्या गोष्टीसाठी बांधायची आहे. ती गोष्ट दिसायची तर आधी खोलीने गप्प राहायला हवं, आणि गप्प राहणंही पायापासून बांधावं लागतं.

मी तिथेच नकाशा पसरला. पाया पुन्हा काढला, पेनने. काचेच्या दालनावर काट मारली.

"समिती सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"मग माझीही मिळणार नाही."

उद्या बैठक आहे. नकाशाबरोबर ही वाटीही नेणार आहे. अध्यक्षांपुढे ती काठोकाठ भरून ठेवीन आणि म्हणेन, "साहेब, आता आपटा मूठ."