बोटीने जाणारा चिन्नोर

आमच्या घरात धानाच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा आणि तांदळाच्या बाबतीत मायचा. धान शेतातल्या बांधीतून निघून राईस मिलमध्ये गेलं आणि तांदूळ होऊन घरात आलं की बाबांचं राज्य संपायचं. ही वाटणी माझ्या जन्माआधीपासूनची. तिच्यावरून दोघांचं कधी वाजलेलं मला आठवत नाही. वाजलं ते एकदाच, आणि त्याला कारण मी.

बाबा चिन्नोर लावतात. लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या गावात हे सुवासिक धान आता मोजक्याच घरांत उरलंय. ते उशिरा निघतं, उतारा कमी देतं आणि जरा वारा सुटला की आडवं होतं. त्यापेक्षा जाड्या दाण्याचं ठोकळ धान लावावं, सरकारी केंद्रावर मोजून द्यावं आणि मोकळं व्हावं, असा सरळ हिशेब बाकीच्यांचा. बाबांचा जीव मात्र चिन्नोरात. धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की ते रोज सकाळी बांधीत शिरतात आणि वेगळ्या जातीचं एकेक झाड हुडकून उपटून फेकतात. गावात म्हणायचे, याच्या चिन्नोरात एखादवेळी खडा सापडेल, पण दुसरा दाणा सापडणार नाही. बाबांनी आयुष्यात कमावलं ते एवढंच वाक्य, असं मी चिडून म्हणायची. पण ते कमावलेलं होतं.

मग आपल्या देशाचा एका दूरच्या देशाशी व्यापार करार झाला. आपल्या शेतमालावरचा तिथला कर उतरणार, अशा बातम्या आल्या. लाखांदूरच्या शेतकरी गटाचे साहेब मोटारसायकलवर आमच्या गावात आले. शेतकी कॉलेजातून शिकलेला, वयाने बाबांच्या निम्मा माणूस, पण साहेब तो साहेबच. त्यांनी समाजमंदिरात बैठक घेतली. म्हणाले, तिकडचा एक खरेदीदार मिळालाय, आधी दोन किलोचा नमुना तपासणार, तो पास झाला तर गावातला सगळा चिन्नोर घेणार. नमुना कोणाच्या घरचा द्यायचा, असं विचारताच सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. नमुना जसा आहे तसाच द्यायचा, असंही साहेबांनी बजावलं होतं. बाबांनी घरी येऊन मायला निरोप दिला तो असा: "दोन किलो तांदूळ काढून ठेवजो. साजरा काढजो, फारीनले जाऊन राहिला."

मी वरठीच्या शाळेत भूगोल शिकवते. त्या रविवारी घरी होते. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवयच आहे, त्यामुळे मी लगेच भाचीच्या दप्तरातला नकाशा काढला आणि तांदूळ कुठल्या बंदरातून निघेल, कुठला समुद्र ओलांडेल, ते मायला बोटाने दाखवलं.

"कितीक दिस लागतेत?" मायने विचारलं.

"महिना तरी लागत असेल," मी ठोकून दिलं. "बंद डब्यात. हवा पण दमट."

वर्गात मुलांना सांगते तसं मोठ्या थाटात सांगितलं आणि संध्याकाळच्या एसटीने निघून आले. नमुना बोटीने जाणारच नव्हता, तो आधी मुंबईच्या प्रयोगशाळेत जायचा होता, हे मला कुठे ठाऊक होतं! पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

मायने तांदूळ सुपात घेऊन दोनदा निवडला. मग लेकीच्या घरी द्यायच्या तांदळाला जे करते तेच केलं. कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर घेतली आणि हलक्या हाताने दाण्यादाण्याला चोळली. घरच्या डब्यातल्या तांदळाला चिमूटभर पुरते, हा तर महिनाभर समुद्रात राहणार. तिने चांगली मूठभर लावली. मग कापडी पिशवीत भरून तोंड शिवून टाकलं. वरठीला माझ्या डब्यातला तांदूळ आजवर असाच येत आला आहे आणि आम्ही तो तीन पाण्यांनी धुऊन खात आलो आहोत.

रिपोर्ट आला तेव्हा पुन्हा बैठक बसली. मीही गेले होते, कौतुक ऐकायला. साहेबांनी कागद उघडला आणि म्हणाले, नमुना नापास. तांदळात बोरिक सापडलंय, तिथे ते चालत नाही.

मग मागून आवाज आला, "चिन्नोरवाल्यानं काही मिसळवलं असन बाप्पा." दुसरा म्हणाला, "म्हणून इतका साजरा दिसते का याचा तांदूळ?" कोणीतरी हसलं. अख्ख्या गावाचा चिन्नोर आमच्या दोन किलोंवर अडला होता, त्यामुळे लोकांना राग येणं साहजिक होतं. पण मला त्या हसण्याचा अजून राग आहे.

माय भिंतीशी बायकांत बसली होती. तिचा चेहरा उतरला आणि मला सगळं कळलं. बाबांनाही कळलं असावं, कारण त्यांनी एकदाच तिकडे पाहिलं आणि ते उभे राहिले.

"माह्या हातून झालं जी," ते साहेबांना म्हणाले. "म्याच लावलं."

ज्या माणसाला घरात साखरेचा डबा दाखवावा लागतो, तो सांगत होता की मी पावडर लावली! मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

त्यानंतर बाबांनी पानठेल्यावरून जायचं सोडलं. बांधीत जायलाही ते मागची लांबची वाट धरायचे. यंदा सगळीकडे ठोकळच लावू, असं एकदा म्हणून गेले. चौथ्या दिवशी मायचा मला फोन आला, "उद्या सुट्टी काढ. मले लाखांदूरले घेऊन चाल."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "माय, झालं ते झालं. बाबांनी सांभाळून घेतलं ना."

"त्यायनं माह्यासाठी आपलं नाव घालवलं," ती म्हणाली. "मले कोन वळखते? माह्यं काय जाते?"

गटाच्या ऑफिसात तिने खुर्चीवर बसायला नकार दिला. उभ्यानेच म्हणाली, "साहेब, यायनं नाई, म्या लावली पावडर. पोरीनं सांगतलं महिनाभर बोटीत राह्यते. कीड लागली तं गावाची लाज जाईन म्हणून लावली." धरणी दुभंगावी आणि मी आत जावं, असं मला झालं.

साहेबांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मावशी, माझी आईपण लावते जी." त्यांनी समजावून सांगितलं की कोठीतलं धान चांगलंच आहे, ताजं भरडून दुसरा नमुना पाठवता येईल, खरेदीदाराला ते विनंती करतील. मायने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते मंग पाहू. पहिले गावात येऊन सांगा का यायची काही चूक नोहती."

"मी कशाला?" साहेब म्हणाले. "तुम्हीच सांगा."

आणि तिने सांगितलं. पुढच्या बैठकीत, जन्मात कधी चारचौघांत न बोललेली माझी माय उभी राहिली. "यायनं तांदळाले हात बी नाई लावला. पावडर म्या लावली. यायच्या चिन्नोरात खोट नाई," एवढं बोलून खाली बसली. पदराचं टोक हातात घट्ट धरलेलं.

घरी येताच बाबा कडाडले, "कायले बोलली तू? म्या निपटवलं होतं ना?"

"खोटं बोलून निपटवलं," माय म्हणाली. "मले नाई चाललं." आणि ती चुलीकडे गेली. हेच ते त्यांचं एकमेव भांडण.

दुसरा नमुना पास झाला. करारानं आमचं सोनं केलं, असं काही मी म्हणणार नाही. कर उतरला, पण त्यांची चाळणी बारीक आहे. आता कोणती फवारणी कधी केली, हे बाबांना वहीत लिहावं लागतं आणि ते दरवेळी कुरकुरतात. भाव मात्र इथल्या व्यापाऱ्यापेक्षा बरा मिळाला, आणि शेजारच्या दोन घरांनी पुन्हा चिन्नोरच्या रोपांसाठी पऱ्हे टाकले. ठोकळचं नाव बाबांनी पुन्हा काढलं नाही.

माल भरायच्या दिवशी साहेब चिठ्ठ्या घेऊन आले. प्रत्येक बोरीवर, म्हणजे पोत्यावर, पिकवणाऱ्याचं नाव लागतं, तिकडचा तसा नियम आहे. ते बाबांचं नाव लिहायला लागले तसे बाबा म्हणाले, "थांबा जी. हिचं लिहा."

"सातबारा तर तुमच्या नावावर आहे ना?"

"तं माह्यं बी लिहा. पन पहिले हिचं."

साहेबांनी दोघांची नावं लिहिली, आधी मायचं. माय जेमतेम चौथी शिकलेली. ती बोरीजवळ वाकली आणि एकेक अक्षर लावत तिने आपलं नाव वाचलं. मग ओशाळून म्हणाली, "काय बाई तुमचं! तिथं कोन वाचन माह्यं नाव?"

बाबा बोरीचं तोंड आवळत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"म्या वाचलं ना," ते म्हणाले.