हे सगळं भाटव्यांमुळं

या जगात जे काही घडतं ते आमच्या भाटव्यांमुळे घडतं. हे माझं मत नाही, भाटव्यांचं आहे. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून आमच्या निम्म्या गोताचं तेच मत होऊन बसलंय. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार अमरावती, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पोट सुटलेलं आणि तोंड त्याहून सुटलेलं. त्यांच्या घराजवळचा उड्डाणपूल त्यांच्यामुळे झाला, कारण फार वर्षांपूर्वी चहाच्या टपरीवर त्यांनी कोण्या इंजिनिअरला "अठी एक पूल पायजे बावा" असं सांगितलं होतं. मोर्शीकडच्या चुलतभावाच्या संत्र्यांना बहार फुटला, तो त्यांनी खोडावर हात ठेवून "लाजू नको" म्हटलं म्हणून. पुतण्या स्पर्धा परीक्षा पास झाला तेव्हा पेढे वाटायला पुतण्याच्या आधी हे निघाले. "पेन म्या देल्ला व्हता त्याले!" आता ते पेन पहिल्याच पेपरला गळलं आणि पोराने शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून पेन मागून पेपर लिहिला, हे पुतण्याने मला कानात सांगितलं होतं. पुढे त्याच मुलीशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा मुद्दाम भर पंगतीत मी ही पेनाची गोष्ट फोडली. म्हटलं, आता सापडले. भाटवे पानावरचा हात न थांबवता म्हणाले, "तेच तं सांगून रायलो! माहा पेन गळला म्हणून हे लगन झालं." आता बोला!

लग्नांवर तर त्यांचा विशेषच हक्क. माझी बायको बार्शीटाकळीची. स्थळ आणलं माझ्या मामाने, बोलणी केली मामाने, घसा बसला मामाचा. भाटवे मुलगी पाहायला आले, पोह्यांच्या बश्यांवर बश्या रिचवल्या आणि मुलीला एकच प्रश्न विचारला, "शेंगदाणे अजून हायेत काय?" तेवढ्यावर हे लग्न त्यांनी जमवलं. पण माझी बायकोही काही कमी नाही. आमच्या पहिल्या कडाक्याच्या भांडणात तिने सरळ अमरावतीला फोन लावला. "भाऊजी, लगन तुमी जमवलं ना? मंग या आता, अन् पाहा आपल्या साळ्याचे धंदे." मला वाटलं, आता हा माणूस अंग काढून घेणार. पण हा पठ्ठ्या मिळेल ती एस.टी. पकडून अकोल्याच्या रणरणत्या उन्हात आमच्या दारात हजर! हातात चिवड्याची पिशवी. आम्हा दोघांना दोन बाजूंना बसवलं, मधे बसून सगळा चिवडा स्वतःच खाल्ला आणि तिथंच सोफ्यावर आडवे होऊन असे घोरायला लागले की हसू दाबता दाबता आमचं भांडण कुठं गेलं ते कळलं नाही. उठल्यावर म्हणाले, "मिटलं ना? म्या आलो म्हणून मिटलं." तेव्हापासून घरातल्या प्रत्येक मोठ्या भांडणाला ते येतात. जमवलं त्यांनी, तर निस्तरायचंही त्यांनीच, असा त्यांचा कायदा. मला त्या वेळी हे सगळं नुसतं विनोदी वाटायचं.

निवृत्तीनंतर त्यांना डोंगराचं वेड लागलं. परतवाड्याच्या पुढे सातपुडा सुरू होतो, तिथल्या एका डोंगरावर रविवारी हौशी मंडळी चढायला जातात. बाकीची मंडळी कशी नटूनथटून येतात! महागडे बूट, दोन्ही हातांत काठ्या, पाठीवरच्या पिशवीत नळीने ओढायचं पाणी, जणू हिमालयातच निघाले. भाटव्यांच्या डोक्याला दुपट्टा, पायात ऑफिसातले काळे बूट आणि गाडीच्या डिक्कीत गोवऱ्यांचं पोतं. कारण त्यांच्या लेखी डोंगर चढणं म्हणजे रोडगे खाण्याआधीचा व्यायाम. ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांची मला मनापासून कीव येते. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीसोबत हाणायचे. त्यानंतर माणूस संध्याकाळपर्यंत कोणत्याच कामाचा राहत नाही. मी एकदा चुकून म्हणालो, की घरीच गॅसवर करून आणू. भाटव्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या आईबद्दल वाकडं बोललो. "गॅसवर रोडगा? त्याच्यापरीस डबलरोटी खाय ना!" म्हणून दर रविवारी डोंगर उतरून आलं की पायथ्याच्या कोरड्या नाल्यात, जंगलाच्या हद्दीबाहेर, वाळूवर गोवऱ्या पेटायच्या. जेवणं झाली की भाटवे स्वतः विस्तवावर पाण्याची कॅन ओतायचे, वर वाळू लोटायचे आणि त्या वाळूवर उभे राहून सगळ्यांना तंबी द्यायचे, की जंगलाजवळ विस्तव म्हणजे पोरखेळ नाही.

डोंगरमाथ्यावर एक जुनं मोहाचं झाड आहे. चढून दमलेले लोक त्याच्या सावलीत टेकतात. भाटवेही टेकायचे, म्हणजे खोडाला पाठ लावून दरबार भरवायचे. एकदा पुण्याहून आलेल्या एका ट्रेकर पोराला त्यांनी सांगितलं, "ही पायवाट हाये ना, माह्या चालण्यानं पडली. अन् हा मोह म्या सांभाळला." पोरगा म्हणाला, "काका, हे झाड तुमच्या आजोबांच्या आधीचं असेल हो." "असंन ना. पण आता म्हतारं झालं बिचारं. दर रविवारी माह्या पाठीचा टेका हाये म्हणून उभं हाये!" पोराने निमूटपणे पाण्याची नळी तोंडात घातली.

आणि मग गेल्याच्या गेल्या फाल्गुनात तो डोंगर जळला.

मी त्या दिवशी कामानिमित्त अमरावतीला ताईकडेच होतो. रविवारचे रोडगे होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. संध्याकाळचा चहा चालला होता आणि भाटव्यांच्या फोनवर परतवाड्याच्या एका ओळखीच्या माणसाने व्हिडिओ पाठवला. अंधुक उजेडात डोंगराच्या कडेने लाल रेघ सरकत होती. वणवा. आवाजही येत होता, बांबू फुटल्याचा. भाटव्यांनी तो पुन्हा लावला. मग फोन उपडा ठेवला आणि म्हणाले, "हे माह्यामुळं झालं."

आम्ही हसलो. सवयीने हसलो हो! ताई तर म्हणालीसुद्धा, "हो, हेही तुमीच केलं." भाटवे हसले नाहीत. चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते वनखात्याच्या कचेरीत पोचले. समोर एक वनरक्षक बाई बसल्या होत्या. पोरसवदा, डोळे लाल, बाह्या काजळीने काळ्या झालेल्या, डोंगरावरून नुकत्याच खाली आलेल्या. भाटव्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "डोंगर म्या जाळला. लिहून घ्या."

त्या बाई दचकल्या. मी घाईघाईने रोडग्यांची हकीकत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, तुमचा विस्तव खाली नाल्यात. आग लागली डोंगराच्या पलीकडून अन् आली वरून खाली. नाल्यापर्यंत तर आलीच नाई."

"वारा व्हता ना पण?"

"वारा तिकडून इकडं होता."

"मंग मधात फिरला असंन. एखांदी ठिणगी दबून रायली असंन. तुमाले काय मालूम?"

मी आयुष्यात पुष्कळ वकील पाहिले, पण स्वतःला फासावर चढवण्यासाठी एवढ्या जिद्दीने भांडणारा माणूस पाहिला नव्हता. बाई एकेक मुद्दा खोडत होत्या आणि हे नवा काढत होते. शेवटी त्या वैतागल्या. "काका, कोणाच्या हातानं लागली ते आमालेही मालूम नाई. पण तुमच्या हातानं नाई लागली. जा आता घरी!" भाटवे उठले. दारातून मागे वळून म्हणाले, "मोह हाये काय वरचा?" बाई म्हणाल्या, "एका अंगानं जळला. पावसाळ्यानंतर समजंन."

परतीच्या वाटेवर मी त्यांना समजावलं, चिडलो, शेवटी ओरडलो, "अहो, जगातली प्रत्येक गोष्ट काय तुमच्यामुळं होते काय?" गाडी चालवताना ते शांतपणे म्हणाले, "चांगलं झालं का म्या म्हणतो, माह्यामुळं. अन् वंगाळ झालं का हात झटकू? असं कसं जमंन, साळेबुवा?"

मंडळींना वाटलं, आता भाटवे रोपं घेऊन डोंगरावर चाल करून जाणार. गेलेच होते ते विचारायला. पण त्या वनरक्षक बाईंनी सांगितलं, "काहीच करू नका. रोपं नको, पाणी नको, चढायला येऊ नका. जमिनीतल्या मुळ्या जित्या हायेत, त्या आपल्या फुटतीन. फक्त त्याइच्या अंगावर पाय देऊ नका." आता सांगा, जो माणूस जगातल्या प्रत्येक गोष्टीत हात घालतो, त्याला 'काही करू नका' म्हणणं म्हणजे केवढी शिक्षा! पण भाटव्यांनी ती भोगली. दर रविवारी प्लास्टिकची खुर्ची घेऊन पायथ्याशी जाऊन बसायचे. पावसाळ्यात छत्री, थंडीत दुपट्टा. कोणी ट्रेकर बंदी मोडून चढायला लागला, की काठी आपटून गरजायचे, "ओ भाऊ! कुठी चालले? वर लेकरं हायेत, उठतीन!" लोक त्यांना बयाड, म्हणजे खुळा, समजून परत जायचे, पण परत जायचे हे महत्त्वाचं. थंडीत जाळरेषेच्या कामाला, म्हणजे पुढचा वणवा अडावा म्हणून गवत काढून मोकळा पट्टा करायला, माणसं हवी होती. त्यात हे त्याच काळ्या बुटांत हजर. रोडगे मात्र त्यांनी सोडले. ताईने एकदा गच्चीवर गोवऱ्या रचल्या, तर हे उठून बाहेर निघून गेले.

आणि त्याहून भयंकर म्हणजे, त्यांनी 'माह्यामुळं' म्हणणंच सोडलं. पुतण्याला मुलगी झाली. आम्ही सगळे पेनाची वाट पाहत होतो. भाटवे म्हणाले, "सूनबाईची तब्येत बरी हाये ना?" बस्स. आषाढात धो धो पाऊस झाला, पण 'म्या छत्री घरी विसरलो म्हणून' असं काही नाही. ताईने मला फोन केला, रडवेल्या आवाजात. "अरे, यायले डॉक्टरले दाखवावं काय रे? कालचा सामना जिंकला, तं म्हणे, पोट्टे चांगले खेळले!" या माणसाच्या बढायांना आम्ही आयुष्यभर हसलो, आणि आता त्या थांबल्या तर घर कसं सुनं सुनं वाटायला लागलं. असतं एकेकाचं.

पुढच्या फाल्गुनात बंदी उठली आणि डोंगर उघडला. आम्ही सगळे त्यांच्यामागे चढलो. खोडं अजून काळी होती, पण सागाच्या बुडातून फुटवे निघाले होते, धामणाच्या झाडांना पालवी होती, आणि उन्हाळा तोंडावर असूनही जाळरेषेच्या अलीकडचं गवत शाबूत होतं. माथ्यावर आलो. मोह एका अंगाने कोळसा झालेला, आणि दुसऱ्या अंगाने? दुसऱ्या अंगाने फुलला होता! खाली पिवळसर फुलांचा सडा, सगळीकडे तो गोडसर घमघमाट. सगळे भाटव्यांकडे पाहत होते. आता म्हणतील, आत्ता म्हणतील. त्यांनी वाकून एक फूल उचललं, फुंकर मारली, तोंडात टाकलं. डोळे भरून आले होते. म्हणाले, "आपोआप आलं."

मला राहवेना. "भाटवे, वर्षभर खुर्ची टाकून कोण बसलं? हे तुमच्यामुळं झालं."

"नाई रे बापा. माह्यामुळं काई होत नाई." खोडाला पाठ न लावता ते बाजूच्या दगडावर बसले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! मोह वाचला, पण आमचे भाटवे जळून गेले की काय, असं वाटलं.

अकोल्याला परतल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिने सरळ फोन उचलला. "भाऊजी? लगन तुमी जमवलं ना? मंग या आता. या माणसासंगं माह्याच्यानं नाई होत." फोन ठेवून मला म्हणाली, "पाहून काय रायले? भांडा!"

मिळेल त्या एस.टी.ने ते आले. हातात चिवड्याची पिशवी. दोघांना दोन बाजूंना बसवून मधे बसले. आम्ही जीव तोडून भांडलो, पण तिला हसू येत होतं आणि मला रडू. भाटव्यांनी आळीपाळीने दोघांची तोंडं पाहिली, चिवड्याचा बकाणा भरला आणि म्हणाले, "खोटं भांडून रायले ना बे तुमी?"

आम्ही माना खाली घातल्या.

"मले बलावण्यासाठी?"

"हो."

ते बराच वेळ चिवडा चघळत राहिले. बाहेर अकोल्याचं ऊन भाजत होतं. मग हळूच, कोणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाले, "म्हणजे हे भांडण तरी माह्यामुळंच झालं म्हणा ना."

"तुमच्यामुळंच, भाटवे," मी म्हणालो. "सगळं तुमच्यामुळंच."

त्यांनी मान हलवली, पिशवीतला उरलेला चिवडा पहिल्यांदाच आमच्यापुढे केला, आणि सोफ्यावर आडवे झाले. थोड्या वेळाने घोरायला लागले. मी आणि बायको तिथंच बसून ऐकत राहिलो.