सालावर गेलेली पोरं

रूपाबाई सरपंच झाल्या, ते बाईची राखीव जागा निघाली म्हणून. सह्या त्यांच्या आणि कारभार उपसरपंच सटवाजीचा, असं सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावजवळच्या त्या गावाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. पण तांड्यावरची ही बाई मोठी चिवट. नेमसिंग गुरुजींच्या ओट्यावर बसून ती सरकारी कागद वाचायला शिकली. शेजारी बसवून कुणी शिकवलं तर येतं, हे तिथं त्यांच्या मनात पक्कं बसलं.

गावात, तांड्यावर दहावी नापास पोरं नुसती बसून होती. २००३ सालच्या गुढीपाडव्याच्या आठवड्यात रूपाबाईंनी ग्रामसभेत ठराव मांडला. प्रत्येक मेंबराने एक पोरगं वर्षभर आपल्याकडे घ्यावं, रोज अभ्यासाला बसवावं, बँक-तहसील दाखवावी आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवावं. सगळ्यांच्या आधी सटवाजीने हात वर केला. "तांड्यावरचा जगन माह्याकडं!" रूपाबाईंना भरून आलं. त्यांनी स्वतः तांड्यावरच्याच, दहावी नापास सुनिताला घरी आणलं.

इथंच घोळ झाला. पाडव्याला पोरगं वर्षभरासाठी घ्यायचं म्हणजे सालगडी ठेवायचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मेंबरांनी ठरावातलं तेवढंच सोयीने ऐकलं. अभ्यासबिभ्यास त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

श्रावणात रूपाबाई जगनचा अभ्यास बघायला गेल्या, तर तो सटवाजीच्या सोयाबीनमध्ये तण काढायचं कोळपं धरून उभा.

"पुस्तक उघडलं का रे?"

"न्हाई काकी. गोठ्यातच निजतो मी. पुस्तक तांड्यावर राह्यलं."

सटवाजी लिंबाखाली सुपारी कातरत होता. लाज नावाची चीज चेहऱ्यावर नव्हती. रूपाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सालगड्याला सालाचे पैसे तरी भेटतात. ह्याला तुमी काय देऊन राहिले?"

"काम शिकून राहिला न. दोन टाइम जेवून राहिला. पोरगं सांभाळा, असं तुमीच म्हणलं."

"शिकवा म्हणलं होतं! गावाचे पुढारी तुमी, आन् फुकटचा गडी म्हणून लेकरू राबवता? परीक्षा तोंडावर आली त्याची. जगन, ठेव ते खाली. घरी चल."

"सरपंचबाई," सटवाजी शांतपणे म्हणाला, "आधी सोताचं घर बघा."

या उर्मटपणाने रूपाबाई आणखीच पेटल्या. वाटभर त्या एकेका मेंबराचा उद्धार करत होत्या आणि जगन मागून चालत होता.

घरी नवरा थावरा बाजेवर पडला होता. सुनिता भांडी घासत होती. रूपाबाईंना बघून ती उठली आणि राखेच्या हातांनीच पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"लई गुणाची पोरगी," थावरा म्हणाला. "समदं घर हिच्यावरच हाय."

तांब्या रूपाबाईंच्या हातातच राहिला. पाडव्यापासून त्यांना घर झाडलेलं दिसत होतं, भाकरी थापलेल्या मिळत होत्या. सेनगावच्या मिटिंगांच्या धावपळीत हे कोण करतं, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"सुनिता, तुझं पुस्तक कुठाय गं?"

पोरीने मान खाली घातली.

"घरीच हाय काकी. मला वाटलं, कामालाच आणलं मला."

रूपाबाईंनी जगनकडे बघायचं टाळलं. सटवाजीला घातलेल्या शिव्या अजून तोंडात होत्या आणि आता त्या कुणाला द्याव्यात ते त्यांना कळेना. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"उठा," त्या थावराला म्हणाल्या. "दोघांच्या घरी जाऊन पुस्तकं घेऊन या."

मग पदर खोचून त्या उरलेली भांडी घासायला बसल्या.